सिंकभोवतीची फट भरूनही ओट्याखाली ओल का येते: कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

सिंकखालची ट्रॉली उघडली की कुबट वास येतो, प्लायवूडच्या कडा फुगलेल्या दिसतात, कडप्प्याच्या खालच्या अंगाला पांढरी पूड धरलेली असते. आणि सिंकभोवती नव्याने व्हाइट सिमेंट भरून घेतल्याला तर जेमतेम काही महिनेच झालेले असतात. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की अनेक घरांत ती आता कोणाला तक्रारही वाटत नाही. दिवाळीच्या साफसफाईबरोबर सिंकची फट भरून घ्यायची, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडायची आणि काही वर्षांनी सुताराला बोलावून सिंकखालचे कपाट बदलायचे, असा क्रमच पडून गेलेला असतो. तसे होण्याचे काही कारण नाही. नीट बसवलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्याखाली वर्षानुवर्षे पाण्याचा थेंबही उतरत नाही. जिथे उतरतो तिथे बहुधा दोन चुका झालेल्या असतात: पाणी नेमके कुठून येते हे न पाहताच वरची फट भरलेली असते, आणि जो सांधा रोज थोडा थोडा हलतो तो ताठर मालाने बुजवलेला असतो.

पाण्याची वाट समजून घ्यायची तर ओट्याची रचना डोळ्यांसमोर असावी लागते. आपल्याकडच्या रूढ पद्धतीत उभ्या कडप्प्यांवर किंवा विटांच्या आडव्या भिंतींवर एक आडवा कडप्पा टाकतात आणि त्याची मागची कड भिंतीत खाच मारून आत घेतात. त्यावर सिमेंट-वाळूचा माल पसरतात आणि मालावर १६ ते २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट बसवतात. पुढच्या कडेला खालून पट्टी चिकटवून जाडी वाढवतात आणि तिला गोलाई देतात. सिंकचा काठ पुष्कळ ठिकाणी आडव्या कडप्प्यावर टेकवलेला असतो आणि त्याच्यावर ग्रॅनाइट येतो, म्हणजे सिंक दोन दगडांच्या मध्ये धरले जाते. काही ठिकाणी ते ग्रॅनाइटला खालून नुसते चिकटवलेले असते, तर काही ठिकाणी वरून आत सोडून त्याचा काठ ग्रॅनाइटवर टेकवलेला असतो. या तिन्ही प्रकारांत पाणी शिरण्याच्या जागा वेगळ्या आहेत. मात्र पाणी एकदा ग्रॅनाइट आणि कडप्पा यांच्यामधल्या मालात शिरले की तिन्हींत सारखेच घडते: भिजलेल्या घोंगडीसारखा तो थर पाणी धरून ठेवतो आणि त्याला जिथे वाट मिळेल तिथे सोडतो. म्हणूनच थेंब जिथे पडतो तिथेच वर फट असेल, असे मानता येत नाही. सिंकच्या डाव्या कोपऱ्यात शिरलेले पाणी उजव्या बाजूच्या उभ्या कडप्प्यावरून उतरताना दिसू शकते.

तपासणीची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी: पाणी वापरानंतर येते की वापर नसतानाही येते? रात्रीची भांडी झाल्यावर सिंकखालची सगळी जागा कोरड्या फडक्याने पुसावी, तळाशी जुनी वर्तमानपत्रे पसरावीत आणि सकाळी नळ उघडण्यापूर्वी ती पाहावीत. रात्रभर कोणी पाणी वापरले नसतानाही कागद भिजला असेल, तर सिंकचा सांधा बहुधा दोषी नाही. अशा वेळी सतत दाबाखाली असणारी नळाची पाइपलाइन, नळाच्या जोडणीच्या लवचीक नळ्या, अँगल कॉक (त्या नळ्यांचे पाणी बंद करण्याची भिंतीवरची तोटी) किंवा भिंतीपलीकडचे न्हाणीघर यांच्याकडे पाहावे लागते आणि ते प्लंबरचे काम आहे. जुन्या मालातली साठलेली ओलही एखादी रात्र टपकू शकते, म्हणून ही परीक्षा लागोपाठ दोन-तीन रात्री करावी. कागद सकाळी कोरडा आणि दुपारी ओला, असे झाले तर दोष सांडपाण्याच्या जोडणीत, नळाच्या बुडाशी किंवा ओट्याच्या सांध्यात आहे. मग तो एक एक जागा वगळत शोधायचा.

यात पहिली जागा वेस्ट कपलिंगची, म्हणजे सिंकचा तळ सांडपाण्याच्या पाइपला जोडणाऱ्या भागाची. सिंकच्या तळाच्या जाळीखाली जी रबरी वायसर असते ती काही वर्षांत कडक होते, आणि कडक झालेली वायसर कितीही आवळली तरी पाणी धरत नाही. जाळीचे तोंड बंद करून सिंक निम्मे भरावे, पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवावे आणि खालून कपलिंगभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा. कागद कोरडा राहिला तर पाणी एकदम सोडावे आणि बॉटल ट्रॅप (कपलिंगखालचा बाटलीच्या आकाराचा भाग), त्याचे आटे आणि पुढचा पाइप यांवरून पुन्हा कागद फिरवावा. ज्या सिंकला वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचे छिद्र असते, ते एकदा त्या छिद्रापर्यंत भरून पाहणे आवश्यक आहे, कारण त्या छिद्राची नळी एरवी कोरडीच असते आणि तिच्यातली गळती साध्या परीक्षेत सापडत नाही. प्लॅस्टिकचे आटे पान्याने जोर लावून आवळू नयेत. ते चिरतात आणि गळती वाढते. हाताने घट्ट करून वर अगदी थोडा पीळ पुरतो.

दुसरी जागा नळाच्या बुडाची, आणि ही सर्वांत जास्त निसटते. नळ ग्रॅनाइटला भोक पाडून ओट्यावर बसवलेला असेल तर त्या भोकाभोवती पाणी नेहमीच साचते: ओल्या हाताने नळ बंद करताना, घासणी पिळून नळामागे ठेवताना, ओटा पुसताना. नळाच्या बुडाची रबरी चकती सैल झाली की हे पाणी भोकातून खाली उतरते आणि नळीवरून ओघळत नटाशी थांबते. अशा एका घरी सिंकभोवतीची फट अनेकदा भरून झाली होती आणि सिंक बदलण्याचे ठरत होते. खालून विजेरी मारल्यावर दिसले ते एवढेच: नळाच्या पितळी नटाच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबत होता, त्याच्यामागे नळीच्या स्टीलच्या विणीवर क्षारांची पांढरी रेघ उमटली होती, आणि सिंकचा काठ जिथे कडप्प्याला भेटतो तिथली धूळ अगदी कोरडी होती. नळ काढून त्याच्या बुडाशी नवी चकती आणि सिलिकॉन (घट्ट झाल्यावरही रबरासारखा लवचीक राहणारा भराव) घातल्यावर ओल थांबली. क्षारांची रेघ हा फार विश्वासू साक्षीदार असतो, कारण पाणी वाळून गेले तरी त्याची वाट ती दाखवते. विंधनविहिरीचे जड पाणी असलेल्या भागांत ही रेघ विशेष स्पष्ट दिसते.

या दोन्ही जागा निर्दोष ठरल्या की मगच सिंक आणि ग्रॅनाइट यांच्यामधला सांधा, तसेच ग्रॅनाइट आणि भिंत यांच्यामधला सांधा तपासावा. ओट्याचा खालचा भाग पुसून कोरडा करावा आणि सांध्याच्या खाली, कडप्प्याच्या कडेला आणि सिंकच्या बाहेरच्या अंगाला खडूची पूड बोटाने चोपडावी. मग मगभर पाणी आधी फक्त सिंकच्या एका बाजूच्या काठाशी हळूहळू ओतावे, दहा मिनिटे थांबून खाली पाहावे, नंतर दुसरी बाजू, मग भिंतीकडची बाजू आणि शेवटी भिंतीचा सांधा असे क्रमाने करावे. पुडीवर पाण्याची वाट गडद रेघेने उमटते. सगळीकडे एकदम पाणी ओतले तर काहीच कळत नाही. माल आधीच भिजलेला असल्यामुळे रेघा सगळीकडून उमटत असतील तर उलटी परीक्षा करावी: संशयित सांधा पूर्ण कोरडा करून त्यावर रुंद चिकटपट्टी लावावी, दोन दिवस स्वयंपाकघर नेहमीसारखे वापरावे आणि ओल कमी होते का ते पाहावे. ज्या सांध्यावरच्या पट्टीने ओल थांबली, तो सांधा दोषी.

सांधा दोषी ठरला म्हणून लगेच तो भरायला घेऊ नये. तो का उघडला, हे आधी ठरवावे. यामागे मुख्यतः तीन कारणे असतात आणि त्यांतली दोन व्हाइट सिमेंट मुळीच सोसू शकत नाही.

पहिले कारण उष्णतेचे. भाताचे पाणी, पास्त्याचे उकळते पाणी, कुकरमधले गरम पाणी आपण थेट सिंकमध्ये ओततो. स्टेनलेस स्टीलचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले की त्याची लांबी दर मीटरमागे सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढते. ग्रॅनाइटची वाढ साधारण याच्या निम्मी असते आणि तो लवकर तापतही नाही. ६० सेंटिमीटर लांबीचे सिंक ५० अंशांनी तापले तर हिशेबाने ते सुमारे अर्धा मिलिमीटर लांबते. पाणी बुडाशी पडते, त्यामुळे काठापर्यंत हा बदल पूर्णपणे पोहोचत नाही हे खरे. पण काठाशी दिवसातून कित्येकदा होणारी थोडीशी हालचालसुद्धा सिमेंटचा पातळ थर स्टीलपासून सोडवायला पुरेशी आहे. शिवाय गुळगुळीत स्टीलवर सिमेंट मुळात घट्ट धरतच नाही आणि वाळताना ते थोडे आकसते. फट भरली त्याच आठवड्यात केसाएवढी भेग पडलेली असते. पाणी दिसू लागायला फक्त वेळ लागतो.

दुसरे कारण वजनाचे, आणि ग्रॅनाइटला खालून चिकटवलेल्या सिंकांत ते सर्वांत महत्त्वाचे आहे. आतून ५६ सेंटिमीटर लांब, ४१ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल असलेल्या सिंकमध्ये सुमारे ४६ लिटर पाणी मावते, म्हणजे ४६ किलो वजन. काठोकाठ कोणी भरत नाही, पण कुकर, कढया, पोळपाट आणि निम्मे पाणी एवढे तर रोजचे आहे. हे वजन नुसत्या चिकटद्रव्यावर लटकत असेल तर सांधा खाली खेचला जाणारच. खालून हाताने सिंकचा तळ वर उचलून पाहावा: काठाशी जराशीही हालचाल जाणवली किंवा फट मिटल्यासारखी दिसली, तर आधाराशिवाय केलेली कोणतीही दुरुस्ती टिकणार नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना कडप्प्याच्या पट्ट्या उभ्या करून त्यांवर सिंकचा काठ टेकवावा, किंवा न गंजणारी अँगलची चौकट भिंतीला व उभ्या कडप्प्यांना अडकवून सिंकखाली द्यावी. आधार बसवताना सिंक जॅक लावून वर घ्यावे लागते, म्हणून सांधा भरण्याचे काम आधार पक्का झाल्यावरच करावे.

तिसरे कारण कापलेल्या कडेचे. ग्रॅनाइटचा वरचा पृष्ठभाग पॉलिश केलेला असतो, परंतु सिंकसाठी ग्राइंडरने कापलेली आतली कड पुष्कळदा खरखरीतच सोडली जाते. चांगला ग्रॅनाइट पाणी फारच कमी शोषतो. बांधकामासाठीच्या अमेरिकी मानकात वजनाच्या ०.४ टक्के ही त्याची वरची मर्यादा आहे. तरीही खरखरीत कडेच्या बारीक खाचांत पाणी आणि साबण अडकतो आणि सिंकभोवती ओलसर, काळपट पट्टा दिसू लागतो. या कडेवर सिलिकॉनही नीट बसत नाही. फिटरकडून ती कड पॉलिश करून घेता येते, आणि काम सुरू असतानाच सांगितले तर त्याला वेळही फारसा लागत नाही. वरच्या पृष्ठभागाला सीलर लावून गळती थांबेल, असे कोणी सांगितले तर ते मानू नये: सीलर दगडाची छिद्रे बुजवतो, सांधा बुजवत नाही. सीलर हवा की नको हे पाहायचे असेल तर कोरड्या ग्रॅनाइटवर पाण्याचे थेंब टाकून पंधरा मिनिटांनी पुसावेत. खाली गडद डाग उमटला तर सीलर लावावा. घट्ट काळ्या ग्रॅनाइटला बहुधा त्याची गरज पडत नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. यात सर्वांत जास्त वेळ वाळण्यासाठी द्यावा लागतो आणि नेमका तोच कोणी देत नाही. जुने सिमेंट आणि जुने सिलिकॉन कटरने व पातळ पट्टीने पूर्ण काढावे. पूर्ण म्हणजे अगदी पूर्ण, कारण नवे सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. वरून एक नवा थर ओढणे हा निव्वळ खर्च आहे. त्यानंतर सिंक किमान दोन-तीन दिवस बंद ठेवावे, ट्रॉल्या बाहेर काढाव्यात आणि खालून टेबलफॅन लावावा. हे गैरसोयीचे आहे, त्यामुळे भांडी घासायची सोय बाल्कनीत किंवा न्हाणीघरात आधीच करून ठेवावी आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही आदल्या दिवशी सांगून ठेवावे. अर्ध्यावर वाळलेल्या सांध्यावर एक बादली पाणी पडले की सगळे काम पुन्हा सुरू करावे लागते. गणपती तोंडावर आले म्हणून भर श्रावणात ही दुरुस्ती उरकण्याची घाई मुंबईत आणि कोकणात फार होते. सिलिकॉनला घट्ट होण्यासाठी हवेतली आर्द्रता लागते, त्यामुळे दमट हवेने सिलिकॉन बिघडत नाही. बिघडते ती त्याची पकड, कारण त्या दिवसांत दगड आणि मागचा माल आतून कोरडाच होत नाही. निवड हातात असेल तर दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम.

सिलिकॉन घेताना दुकानदाराकडे न्यूट्रल प्रकारचे, सॅनिटरी दर्जाचे सिलिकॉन मागावे. ज्याला लावताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते आम्ल सोडणारे सिलिकॉन असते. कडप्पा आणि संगमरवर हे चुनखडीचे दगड असल्यामुळे त्या आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खराब होतो आणि सिमेंटलाही ते मानवत नाही. सॅनिटरी दर्जात बुरशीरोधक द्रव्य असते, म्हणून सांधा लवकर काळा पडत नाही. फिकट रंगाच्या दगडावर काही सिलिकॉनचा तेलकट डाग उमटतो, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर आधी थेंबभर लावून पाहणे शहाणपणाचे.

सांध्याच्या दोन्ही बाजू प्रथम कोरड्या फडक्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, कारण स्वयंपाकघरातल्या दगडावर डोळ्याला न दिसणारा तेलाचा थर असतोच. दोन्हीकडे मास्किंग टेप लावावी. फट खोल असेल तर तिच्यात आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी. तिच्यामुळे सिलिकॉन कमी लागते, शिवाय ते तळाला न चिकटता फक्त दोन बाजूंना चिकटते आणि म्हणून ताणले जाऊ शकते. ३ ते ६ मिलिमीटर रुंदीचा सांधा सर्वांत चांगला. फट केसाएवढी अरुंद असेल तर सिलिकॉन आत जातच नाही, ते वर नुसते फासले जाते आणि घासणीने निघून येते. अशी फट कटरने थोडी रुंद करून घ्यावी. नळीचे तोंड तिरके कापून, गनवर सारखा दाब ठेवून, मध्ये न थांबता एका बाजूचा सांधा एका दमात भरावा. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने तो एकदाच दाबत न्यावा आणि सिलिकॉनवर साय धरण्यापूर्वी टेप काढून घ्यावी. साय दहा-वीस मिनिटांत धरते, पण आतला भाग दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर एवढ्याच वेगाने घट्ट होतो. म्हणजे बोटाला चिकटत नाही म्हणून संध्याकाळी नळ सोडणे चुकीचे आहे. चोवीस तास तरी पाणी लागू देऊ नये आणि सांधा जाड असेल तर आणखी एक दिवस थांबावे.

भिंतीचा सांधा वेगळा विचार मागतो. तिथे पहिला प्रश्न उताराचा. ओट्यावर पाणसळ ठेवून पाहावे, किंवा वाटीभर पाणी भिंतीपासून वीतभर अंतरावर ओतून ते कुठे जाते ते पाहावे. पाणी भिंतीकडे जाऊन साचत असेल तर तो सांधा रोज तासन् तास भिजतो आणि कोणत्याही मालाचे आयुष्य त्यामुळे कमी होते. बसवलेल्या ग्रॅनाइटचा उतार बदलायचा तर तो उचलावा लागतो, म्हणून अशा घरी वायपरने पाणी सिंककडे ओढण्याची सवय हाच व्यवहार्य उपाय राहतो. दुसरा प्रश्न टाइल्स आणि ग्रॅनाइट यांच्या क्रमाचा. टाइल ग्रॅनाइटच्या वर येऊन टेकलेली असेल तर भिंतीवरून ओघळणारे पाणी ग्रॅनाइटवरच पडते. टाइल्स आधी लावून ग्रॅनाइट त्यांच्यापुढे नुसता भिडवला असेल तर तेच पाणी थेट फटीत उतरते. दुसऱ्या प्रकारात सांध्यावर सिलिकॉन भरणे अनिवार्य आहे, पण पहिल्या प्रकारातही ते भरावेच, कारण भिंत आणि ओटा हे दोन स्वतंत्र भाग आहेत आणि ते एकत्र हलत नाहीत. टाइल्सच्या आपापसांतल्या सांध्यांना इपॉक्सी ग्राउट उत्तम आहे. जिथे भिंत संपून ओटा सुरू होतो त्या कोपऱ्यात मात्र तोही तडकतो.

सिंकच्या पुढची ग्रॅनाइटची अरुंद पट्टी हे आणखी एक नाजूक ठिकाण. ही पट्टी कित्येक ओट्यांवर दोन-तीन इंचांचीच असते आणि सगळा दगड तिथे सर्वांत दुबळा असतो. ग्राइंडरने कापताना कोपऱ्यात पाते थोडे पुढे गेले की तिथे खाच राहते आणि कालांतराने त्याच खाचेतून तिरकी चीर पुढच्या कडेकडे जाते. जड कुकर पट्टीवर आपटणे किंवा माळ्यावरचे काही काढण्यासाठी ओट्यावर चढताना नेमका तिथे पाय देणे एवढेही त्याला पुरते. चीर नखाला लागत असेल तर तिच्यातून पाणी खाली जाते असे समजावे. पट्टीखाली पोकळी आहे का हे लाकडी मुठीने हलके ठोकून पाहता येते. आवाज बदबद आला तर खाली माल नाही. पोकळी तशीच ठेवून वरून चीर भरणे व्यर्थ आहे. आधी खालून आधार द्यावा, मग चीर वाळवून तिच्यात दगडाच्या रंगाची पातळ इपॉक्सी उतरवावी. इथे सिलिकॉन चालत नाही, कारण तुटलेला दगड पुन्हा एकजीव करायचा आहे.

दुरुस्ती झाल्यावरचे काही दिवस फार अवघड जातात, कारण ओल लगेच थांबत नाही. मालात साठलेले पाणी वरून वाट बंद झाल्यामुळे खालूनच बाहेर पडते, आणि त्याला कित्येक दिवस, जाड थरात काही आठवडेही लागू शकतात. या काळात घाबरून सांधा पुन्हा खणला जातो आणि चांगले झालेले काम वाया जाते. कडप्प्याच्या खालच्या अंगावर ओलीची सीमा पेन्सिलने आखून शेजारी तारीख लिहावी आणि आठवड्याने पुन्हा आखावी. सीमा आत सरकत असेल तर दुरुस्ती यशस्वी आहे. ती बाहेर सरकली किंवा नवे थेंब लोंबू लागले तर दुसरी वाट उघडी आहे आणि चिकटपट्टीची परीक्षा उरलेल्या सांध्यांवर करावी. खालचा भाग पूर्ण सुकेपर्यंत त्याला रंग, लॅमिनेट किंवा वॉटरप्रूफिंगचा लेप लावू नये; पाणी कोंडले जाते आणि ते भिंतीत किंवा खालच्या मजल्याच्या छतात जाते. खालच्या शेजाऱ्यांकडे आधीच डाग पडला असेल तर तिथेही रंगकाम हे सुकणे संपल्यावरच करावे, असे त्यांना मोकळेपणाने सांगितलेले बरे.

साफसफाईमुळेही चांगले सांधे बिघडतात. नळाभोवती साचलेला पांढरा थर काढायला संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव वापरण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंट खाते, कडप्प्यावर पांढरट चट्टे पाडते आणि स्टेनलेस स्टीलच्या सिंकवर बारीक खड्डे पाडते. ग्रॅनाइटवर साधे भांड्यांचे साबण आणि मऊ फडका पुरतो. नळाच्या धातूवरचा क्षार लिंबाच्या फोडीने निघतो, पण लिंबाचा रस दगडावर सांडू देऊ नये आणि नळ लगेच धुवावा. तारेची घासणी सिलिकॉनवरून फिरवू नये. सांधा वर्षातून एकदा बोटाने दाबून पाहावा: कुठे सुटलेला आढळला तर तेवढा तुकडा कापून नवा भरणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

सिंकखालचे कपाट बदलायची वेळ आलीच असेल तर ओल पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय सुताराला बोलावू नये. प्लायवूड घेताना आयएस ७१० या मानकाचे, बाजारात ज्याला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारे) म्हणतात ते घ्यावे. आयएस ३०३ मधला एमआर (ओलावारोधक) दर्जा ओलाव्यापुरता ठीक आहे, तो साचलेल्या पाण्यासाठी नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लावून घ्यावी आणि मागच्या फळीला पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कडही बंद करून घ्यावी, कारण चांगले प्लायवूडही पाणी पिते ते कडेनेच. कपाट जमिनीपासून थोडे उचलून पायांवर ठेवले तर फरशी धुताना खालून भिजत नाही.

ज्यांचा ओटा अजून बसायचा आहे त्यांना हे सगळे टाळता येते आणि त्यासाठी जादा खर्च फारसा नाही. ग्रॅनाइट कापायच्या आधीच फिटरला सांगावे की सिंकच्या कापाचे आतले कोपरे गोल हवेत, आतली कड पॉलिश हवी, सिंकच्या पुढे किमान चार इंच दगड शिल्लक राहायला हवा, उतार सिंककडे हवा आणि पुढच्या पट्टीच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच हवी, म्हणजे कडेवरून ओघळलेले पाणी खाचेशीच टपकते, आत कडप्प्यापर्यंत पोहोचत नाही. सिंक दोन दगडांमध्ये अडकवण्याच्या पद्धतीत पुढे सिंक बदलताना ग्रॅनाइट उचलावा लागतो. ही गोष्ट मालकाला आधी माहीत असायला हवी आणि ती बहुधा कोणी सांगत नाही. सिंक स्वतंत्र आधारावर बसवून सांधा सिलिकॉनने भरला तर ते खालून काढता येते. ट्रॉल्या बसवण्यापूर्वी, खालचा भाग पूर्ण उघडा असताना, सिंक वरपर्यंत भरून एक रात्र ठेवावे, ओट्यावरही सगळीकडे पाणी ओतावे आणि सकाळी खाली कोरडा कागद फिरवावा. फिटर आणि प्लंबर या दोघांचे शेवटचे पैसे हा कागद कोरडा निघाल्यावर द्यावेत, आणि तसे ठरल्याचे काम सुरू होण्याआधीच दोघांनाही सांगून ठेवावे.